पद्मिनीच्या पोटातली पंचगंगा

भंगारवाल्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर बोटानं ठोकलं आणि म्हणाला, "अठरा हजार. टोचन माझं." तात्या काही न बोलता घरात निघून गेले. गाडी द्यायची नाही, हे तेवढ्यावरून मला कळलं.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, क्रीम रंगाची, हँडगिअरची, म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा नागाळा पार्कातल्या त्यांच्या शेडमध्ये ती स्टिअरिंगपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर तात्यांनी दारं पुसली आणि शटर ओढून घेतलं, ते तीन वर्षं उघडलं नाही. २०२२ च्या दिवाळीनंतर मी ती टोचन लावून साने गुरुजी वसाहतीत आमच्या अंगणात आणली. मी अकाउंटंट. पाना धरायचा अनुभव स्कूटरचा प्लग काढण्यापुरता.

डोक्यात मात्र मोठे बेत होते. बकेट सीट, खाली फ्लोअर गिअर, रुंद अलॉय, मॅट काळा रंग. व्हिडिओ बघून बघून मी वहीत चित्रंसुद्धा काढली होती. बायको म्हणाली, "आधी ती हलते का बघा."

हलत नव्हती, इंजिनच जाम. चारही प्लग काढले तर तिसऱ्या भोकातून चहासारखं पाणी आलं. ओळखीच्या एका मेस्त्रींनी फोनवर सांगितलं, की सेल्फ मारू नकोस, डिझेल आणि जुनं गिअर ऑइल निम्मं-निम्मं करून सिलिंडरमध्ये ओत आणि गप्प बस. रोज ऑफिसहून आलो की क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून त्यात दोन फुटी पाइप अडकवायचा आणि हलकेच भार द्यायचा. अकराव्या दिवशी 'कट्ट' असा आवाज झाला आणि पुली अंगठ्याच्या रुंदीएवढी फिरली. मी अंगणात एकटाच ओरडलो. शेजारच्या काकूंना वाटलं, साप निघाला.

त्या आनंदात घोडचूक केली. या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असतात ते धड, बिडाचा आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं. मधून लोखंडी स्टड जातात. पाणी शिरलं की ॲल्युमिनियम आणि लोखंड गंजून एकमेकांना असे धरतात की हेड वर येतच नाही. गरम करून, तेल सोडून, चार दिवस थांबायचं सोडून मी फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला आणि वर हातोडी मारली. हेड निघालं, पण गॅस्केट बसते त्या तोंडावर दोन खोल ओरखडे घेऊन.

ब्लॉक आणि हेड रिक्षात घालून शिवाजी उद्यमनगरात नेलं. बोअरिंगवाल्या मामांनी हेड उलटं केलं. "पाव्हणं, स्क्रू ड्रायव्हर कुणी घातला ह्यात?"

"मी."

"बरं झालं खरं बोलला. फेसिंग करून दितो."

मग त्यांनी बोअर गेज घालून चारही सिलिंडर वर, मध्ये, खाली मोजले. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ६८ मिलिमीटर, पण मामा मिलिमीटरला हातच लावत नाहीत, त्यांचा सगळा हिशोब थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. पाणी साचलं होतं त्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये गंजाचे खड्डे पडले होते. ते जायला वीस थाऊ काढावे लागणार होते. आणि एकात काढले की चारही बोअर तेवढेच करायचे. मी म्हटलं, आजच मारा की. तर म्हणाले, "पिस्टन हातात आल्याबिगर बोअर मारायचा न्हाय. पिस्टन मोजायचा, मग त्याच्या मापाचं घर करायचं." हे वाक्य मी वहीत बकेट सीटच्या चित्राशेजारी लिहून ठेवलंय.

किती शहाणपणाचं होतं ते पुढच्याच महिन्यात कळलं. मुंबईच्या एका दुकानानं आधी पैसे घेऊन चाळीस थाऊचा पिस्टन सेट पाठवला आणि तो परत घ्यायला तीन महिने घोळवलं. शेवटी बरोबर सेट मिळाला तो कुर्ल्यात. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्यातच होता, म्हणजे गाडी जिथं जन्मली तिथंच तिचं औषध निघालं. वॉटर पंपाचं बुश मात्र कुठंच मिळेना. झिजलेलं बुश घेऊन मी उद्यमनगरातल्या एका लेथवर गेलो. त्या पोरानं ते नखावर फिरवून बघितलं, गनमेटलचा तुकडा चकमध्ये धरला आणि मी चहा पिऊन येईपर्यंत नवं बुश तयार. दीडशे रुपये! कोल्हापूर सोडून दुसरीकडं हे काम मी धरलंच नसतं.

इंजिन तिकडे असताना मी बॉडीला लागलो. मॅटखाली डांबरी शीट होतं आणि त्याखाली तीन वर्षांची ओल. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलं की चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला थप् करतो. ड्रायव्हरच्या पायाखाली थप्, थप्, आणि मग मूठ आरपार. दाराखालची पोकळ पेटी कापली तर आतून वाळलेला गाळ निघाला, बोटभर थराचा, गुळाच्या ढेपेसारखा तुकड्यातुकड्यानं. त्यात शिंपले होते, आणि कुणाच्या तरी घरातली एक हिरवी काचेची बांगडी. ती मी अजून टाकलेली नाही. गाळ पुढं कुठून कुठून निघत राहिला, हेडलाइटच्या वाटीतून, हॉर्नमधून, एकदा तर स्पीडोमीटरच्या केबलमधून.

पेट्रोलची टाकी आणि बॅटरी काढून बाजूला ठेवली, मगच वेल्डिंगवाल्याला बोलावलं. अठरा गेजचा पत्रा, वर रेड ऑक्साइड. पावसाळ्यात रंग मारायचा नाही, असं पेंटरनं बजावलं होतं. दमट हवेत थिनर उडताना रंगावर पांढुरकी झाक येते. मी ऐकलं नाही, ऑगस्टमध्ये एका दारावर हौस केली. ते दार चुन्यात बुडवल्यासारखं झालं. घासून पुन्हा केलं ते दसरा चौकात सोन्याच्या मुहूर्ताला छत्रपतींची मेबॅक बघून आल्यावर. १९३६ ची ती गाडी आजही स्वतःच्या चाकांवर येते. तिच्यापुढं मॅट काळ्याचा विचार मनातूनच उतरला.

फ्लोअर गिअरचा बेत तात्यांमुळं राहून गेला. अलॉयचा नाद मेस्त्रींनी सोडवला. चारही चाकांना ड्रमब्रेक, बूस्टर नाही, पुढं किंग पिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ. रुंद टायर घातले की स्टिअरिंग वळवताना खांदे भरून येणार आणि किंग पिन लवकर झिजणार. मग बदल केले ते न दिसणारेच. डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. हेडलाइटला रिले टाकले, म्हणजे सगळा करंट जुन्या स्विचमधून जात नाही. पुढच्या सीटला बेल्ट बसवले, बोल्टखाली जाड पट्टी वेल्ड करून. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यानं जुनं रबर फुगतं आणि चिरतं. म्हणून पेट्रोलचे पाइप आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपातला डायफ्राम, म्हणजे पडदा, बदलला.

लोक विंटेज म्हणतात, पण २०२१ च्या नियमांत विंटेजला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात. ती वेगळी 'व्हीए' पाटी मिळाली तरी गाडी रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन किंवा दुरुस्तीलाच बाहेर काढायची. आम्हाला ती नकोच होती. नोंदणीचं साधं नूतनीकरण केलं, तेव्हा फी ५,००० रुपये होती, वर पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. खरा घाम फुटला तो चेसिस नंबरला. गंजाखाली आकडे दिसेचनात. जोरात घासले तर आकडाच जायचा. पाण्याचा पॉलिश पेपर बोटाच्या टोकानं फिरवत बसलो, वर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि एकेक आकडा कागदावर उमटला, पोरं नाण्याचा ठसा काढतात तसा.

पासिंग झालं त्या संध्याकाळी किल्ली तात्यांच्या हातात दिली. त्यांनी सीट पुढं ओढली, डावा हात न बघता स्टिअरिंगखाली गेला आणि पहिला गिअर पडला. रंकाळ्याला वळसा घालून येईपर्यंत एक शब्द नाही. घरी आल्यावर म्हणाले, "क्लच जरा वर धरतोय."

गाडी आता माझ्याकडंच असते. आमची वसाहत उंचावर आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी पावसाळ्यात बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं, की रात्री-अपरात्री फोन येतो. "गाडी कुठं हाय?"