आमची वाटचाल: माथेरान स्टेशनजवळचं कौलारू लॉज

आमच्या लॉजमध्ये खोल्या नऊ आहेत आणि पडवी बावन्न फूट लांब. एवढ्या जागेत आणखी दोन खोल्या सहज निघाल्या असत्या, असं आम्हाला बरेचजण सुचवतात. आजोबांनी बांधताना विचार वेगळा केला होता. पायथ्याच्या नेरळहून वीस-एकवीस किलोमीटर चढायला छोट्या रेल्वेगाडीला दोन-अडीच तास लागतात. इतका वेळ अरुंद बाकावर अंग चोरून बसलेली, केसांत तांबडी धूळ घेऊन आलेली माणसं लगेच खोलीत शिरत नाहीत. पाय पसरतात, पोरांची तोंडं धुतात, चहा मागतात. पडवी त्यांच्यासाठी आहे.

गाडीच्या आधीही माथेरानला पाहुणे यायचे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये हा डोंगर चढून आले आणि पुढे मुंबईकर साहेब, श्रीमंत पारशी यांचे बंगले झाडीत उभे राहिले. पण नेरळहून वर यायचं तर तट्टू किंवा पालखी, म्हणजे ज्याच्या गाठीला पैसा त्यानेच यावं. १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे १६ लाख रुपये खर्चून दोन फुटी रुळांची लाईन वर आणली. ते काम त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी तडीस नेलं. त्यानंतर तिकीट काढून, वळकटी खांद्यावर टाकून येणारा मध्यमवर्गीय पाहुणा आला. आमचा धंदा त्याच्यावर उभा राहिला.

आजोबा आधी एका बंगल्याचे माळी होते. साठवलेल्या पैशांतून त्यांनी चार खोल्या बांधल्या, उरलेल्या पाच वडिलांनी वाढवल्या. सकाळची गाडी नेरळहून सुटली की आजी तांदूळ धुवायला घ्यायची. वाफेच्या इंजिनाची शिट्टी आली की कुकर नव्हे, चुलीवरचं पातेलं उतरायचं आणि गाडी स्टेशनात शिरेपर्यंत पानं मांडून व्हायची. १९८०च्या दशकात डिझेल इंजिनं आली, तरी तिची सवय तशीच राहिली.

इमारतीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मला तिचा अभिमान आहे. माथेरानचा माथाच जांभ्याचा. हा दगड जमिनीत असतो तेव्हा मऊ, कापायला सोपा. वारा लागला की कडक होतो. आमच्या भिंती दीड फूट जाडीच्या, चुन्यात बांधलेल्या. मे महिन्यात दुपारीही आत गारवा असतो. जोतं तीन फूट उंच, कारण पावसात लाल पाणी अंगणातून ओढ्यासारखं वाहतं. सागवानी वासे, वर रिपा, त्यावर मंगलोरी कौलं. पाऊस पश्चिमेकडून तिरपा येतो म्हणून त्या अंगाला खिडक्या लहान आणि वळचण लांब, पडवी पूर्वेला. तरीही जूनच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला गवताच्या ताट्या बांधाव्याच लागतात. हल्ली सगळीकडे निळं प्लास्टिक दिसतं, आम्ही अजून ताट्याच बांधतो.

एक चूक मात्र महागात पडली. वडिलांच्या काळात एका कंत्राटदाराच्या सल्ल्याने मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. जांभा पाणी पितो आणि ते सावकाश बाहेर सोडतो. सिमेंटने ती वाट बंद केली. दुसऱ्याच पावसाळ्यात गिलाव्याला फुगे आले, आत बुरशी, दोन खोल्या बंद ठेवाव्या लागल्या. सगळा गिलावा उतरवून पुन्हा चुना लावायला दोन उन्हाळे गेले.

इथे मोटारबंदी असल्याने सिमेंट असो वा कौलं, सामान दस्तुरी नाक्यापासून घोड्यावर नाहीतर माणसाच्या डोक्यावर येतं. पोचेपर्यंत कौलाची किंमत कितीतरी वाढलेली असते. त्यात माकडं! कौलं उचकटतात, फोडतात. म्हणून स्लॅब टाका असं मला गेली वीस वर्षं सांगितलं जातंय. मी नाही टाकणार. कौलाखालची हवा खेळती राहते, फुटलेलं कौल एकटं बदलता येतं, आणि पावसाचा तो आवाज ऐकायला दरवर्षी येणारी कुटुंबं आहेत माझ्याकडे.

२६ जुलै २००५च्या पावसात रूळ वाहून गेले. गाडी पुन्हा धावली ती २००७मध्ये, तिच्या शंभराव्या वर्षी. ते दीड-दोन हंगाम आम्ही जेमतेम काढले. २०१९च्या पावसाने लाईन पुन्हा उखडली आणि पाठोपाठ कोरोना आला. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनापासून माथेरानपर्यंतची गाडीची छोटी फेरी चालू होती तेव्हा चार माणसं तरी यायची. नोकर न काढता, दागिने गहाण ठेवून आम्ही ती वर्षं पार केली. ऑक्टोबर २०२२मध्ये नेरळची गाडी परत वर आली त्या दिवशी वडिलांना मी खुर्चीसकट पडवीत आणून बसवलं. त्यांना ऐकू कमी येतं, पण शिट्टी ऐकू आली. स्वयंपाकघराकडे वळून त्यांनी विचारलं, भात उतरवला का?

यंदाची शाकारणी मे महिन्यात आहे. तीनशे कौलं दस्तुरीला येऊन पडली आहेत, घोडेवाल्याशी बोलणं झालं आहे.