पाठकोऱ्या कागदांचं ग्रंथालय

"कानाझावाला जायचंय" असं म्हटल्याबरोबर भाच्याने मोबाइलवर शिंकान्सेनची तिकिटं बघायला सुरुवात केली. जायला अडीच तास, यायला अडीच तास. भाड्याचा आकडा बघून माझ्या पोटात गोळा आला. "अरे, ते नव्हे रे. माझं कानाझावा तुमच्या योकोहामातच आहे." इशिकावा प्रांतातलं प्रसिद्ध कानाझावा वेगळं आणि हे वेगळं. चिनी अक्षरं मात्र दोन्हींची तीच. आमच्या कानाझावाला जुन्या काळी 'कानेसावा' म्हणत. नऊ वर्षं तोक्योत राहून त्याला हे ठाऊक नव्हतं, याचा मला जरा आनंदच झाला.

शिनागावाहून केइक्यू लाइनची लाल गाडी पकडली आणि पाऊण तासाच्या आत उतरलो. स्टेशनचंच नाव कानाझावा-बुन्को. 'बुन्को' म्हणजे ग्रंथसंग्रह. हल्लीच्या जपानीत खिशात मावणाऱ्या स्वस्त आवृत्तीलाही बुन्कोच म्हणतात. स्टेशनपासून घरांच्या रांगांमधून दहा-पंधरा मिनिटं चाललं की शोम्योजी मंदिराचा निओमोन दरवाजा लागतो. आत दोन्ही बाजूंना १३२३ सालचे लाकडी द्वारपाल उभे आहेत. चांगले चार मीटर उंच, डोळे वटारलेले. त्यांना बघून मला आपल्याकडचे जय-विजय फारच सौम्य वाटायला लागले.

दरवाजा ओलांडला की एकदम तळं. लाल कमानदार पूल, पुढे एक सपाट पूल आणि त्यापलीकडे मुख्य मंदिर. डिसेंबर लागला होता. गिंकोची पिवळी पानं पाण्यावर पडून राहिलेली. उत्खनन करून, जुने आराखडे बघून ही बाग पुन्हा पूर्वीसारखी केली आहे. मूळची १३२० सालची. तळ्याच्या नावाने मात्र मी थबकले. 'आजी-गा-इके'. आपली आजी नव्हे. 'आ' आणि 'जी', म्हणजे 'अ' हे अक्षर. 'अ' अक्षराचं तळं!

हा 'अ' आपलाच आहे. शोम्योजी शिंगोन-रित्सु पंथाचं, नारा शहरातल्या साइदाइजी मंदिराच्या शाखेतलं. शिंगोन ही तांत्रिक बौद्ध परंपरा. कूकाई नावाचा भिक्षू चीनमधून ८०६ साली ती जपानात घेऊन आला आणि तिच्यासोबत सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरंही आली. या पंथात 'अ' म्हणजे महावैरोचन बुद्ध, ज्याला सुरुवात नाही असं सगळ्याचं मूळ. नुसत्या या अक्षरावर मन एकाग्र करायची साधना ते आजही करतात. बालवाडीत पाटीवर गिरवून गिरवून ज्याचा कंटाळा आला होता, त्याच्या काठावर मी मफलर गुंडाळून उभी होते.

संग्रहालय मंदिराच्या शेजारच्या टेकडीआड आहे. तिथे जायला बोगदा. त्याला लागूनच जुन्या काळचा, आता बंद असलेला बोगदा जपून ठेवलाय. मंदिर इकडे, ग्रंथ तिकडे, मधे डोंगर. त्या काळात सगळी घरं लाकडाची आणि आग ही रोजची भीती. ग्रंथसंग्रह मधे डोंगर ठेवून बांधावा, हे मला तरी फार शहाणपणाचं वाटलं.

हा संग्रह उभा केला होजो सानेतोकीने, १२७५ च्या सुमारास. कामाकुराच्या लष्करी सरकारातला हा बडा सरदार पुढच्याच वर्षी वारला. मुलगा आकितोकी, नातू सादाआकी आणि पणतू सादायुकी यांनी संग्रह वाढवत नेला. मुत्सुरा बंदर हाकेच्या अंतरावर होतं. तिथे चीनमधून पोथ्या, मातीची भांडी असं काय काय उतरायचं. लोककथा अशी की जहाजातल्या ग्रंथांना उंदीर लागू नयेत म्हणून मांजरं पाठवली जात, आणि ती इथेच राहिली. पोथ्यांना मांजरांचा पहारा! आमच्या शाळेतल्या ग्रंथालयात कपाटाला कुलूप आणि किल्ली हेडबाईंकडे, एवढंच असायचं.

१३३३ साली कामाकुरा पडलं. तोशोजी मंदिरात होजो घराण्याने सामूहिक आत्महत्या केली, त्यात सादाआकीही गेला. मागे राहिलं मंदिर, आणि ग्रंथांची राखण भिक्षूंकडे आली. पुढे ज्याला जमेल त्याने नेलं. १६०२ मध्ये सत्ताधीश तोकुगावा इएयासुने एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, किल्ल्यात स्वतःचा ग्रंथसंग्रह थाटला, त्यात इथली बरीच पुस्तकं गेली. 'कानाझावा-बुन्को' असा उभा काळा शिक्का असलेली पुस्तकं आज जपानभर विखुरलेली आहेत. १८९७ मध्ये जपानचे पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी वगैरे मंडळींनी संग्रहाची नवी इमारत बांधली, ती १९२३ च्या भूकंपात गेली. आत्ताचं संग्रहालय प्रांतिक सरकारचं, १९३० पासूनचं; इमारत १९९० ची.

मी खरी आले होते ती पत्रं बघायला. मोडी शिकल्यापासून मला जुन्या पत्रांचं वेड आहे. मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा "लोणचं पोचलं, तूप पाठवा" छापाची पत्रं मला जास्त भावतात. इथे तशी पत्रं आहेत, आणि ती टिकली कशी तेच मुळात गमतीचं आहे.

कागद महाग. शोम्योजीच्या भिक्षूंना सूत्रं, टीका, विधींच्या पोथ्या उतरवून घ्यायच्या होत्या. मग केन्नासारख्या मठाधिपतींनी काय केलं? सादाआकी आणि इतरांकडून आलेली पत्रं वाचून झाली की उलटी केली, कोऱ्या बाजूवर पोथी लिहिली आणि पोथीच्या मापाला कागद कापून शिवून टाकला. म्हणजे चक्क पाठकोरे! पोथी पवित्र म्हणून सातशे वर्षं जपली गेली आणि तिच्या पाठीला चिकटून पत्रंही जगली. विसाव्या शतकात अभ्यासकांनी पानं उलटून वाचायला घेतली, तेव्हा त्यांना एका गडप झालेल्या घराण्याचा पत्रव्यवहार सापडला. पण कापाकापीत कुणाच्या पत्राची सुरुवात गेलेली, कुणाचा शेवट. एका पत्राचे दोन तुकडे दोन वेगळ्या पोथ्यांत असायचे. ते जुळवत बसायचं. १६,६९२ धार्मिक पोथ्या आणि ४,१४९ दस्तऐवज, असं सगळं मिळून २०१६ मध्ये राष्ट्रीय संपदा जाहीर झालं.

काचेखाली असाच एक कागद होता. रंग मऊ, ताकासारखा. पोथीची अक्षरं ठळक, ओळीत. त्यांच्या आडून मागच्या पत्राची शाई फिकट जांभळट उमटलेली. वरच्या कडेला एक अक्षर अर्धं कापलेलं. मी भाच्याला म्हटलं, "वाच ना." तो काचेला नाक लावून बराच वेळ उभा राहिला. "मावशी, मला जपानी येतं. हे जपानी नाहीये." शेजारी एक जपानी आजोबा होते, त्यांनाही त्याने विचारलं. त्यांनीही हसून हात हलवला. ही वळणदार घसरती लिपी आज बहुतेक जपान्यांनाही वाचता येत नाही. मला आमच्या वाड्यातल्या ट्रंकेतले कागद आठवले. सगळे मराठी बोलणारे, आणि मोडी बघून सगळ्यांनी असाच हात हलवलेला.

माहितीफलकाचं भाषांतर त्याने करून दिलं. सादाआकी एका पत्रात लिहितो की हल्ली चिनी वस्तू आणि चहा यांचं खूळ आणखीनच वाढलंय. शोम्योजीत पिकलेला चहा तो मागवायचाही. म्हणजे तेव्हाही थोरांना तरुणांच्या फॅशनची कटकट आणि स्वतःला मात्र चहा हवाच.

माझे वडील कचेरीतली पाठकोरी परिपत्रकं आणून वह्या शिवायचे. त्यांवर मी बीजगणित केलं. परिपत्रकं कशाची होती, एकदाही उलटून बघितलं नाही.

शेवटच्या दालनात जपानचा एक जुना नकाशा होता. एक बाजू फाटून गेलेली, उरला अर्धा देश, आणि त्याभोवती खवलेदार सापासारख्या देहाचं वेटोळं. वेटोळ्याबाहेर एक परका प्रदेश: 'रासेत्सु-कोकु'. रासेत्सु म्हणजे आपला राक्षस, संस्कृतातून चिनीमार्गे इथवर आलेला. शेजारी टीप: इथे बायका राहतात, आलेला माणूस परत जात नाही.

भाचा हसायला लागला. "आईला हे सांगू नकोस हं." माझ्या बहिणीची गेली नऊ वर्षं तक्रार नेमकी हीच आहे.

दालनात फोटो काढायला बंदी होती आणि पेन्सिलच चालत होती. ते खवल्यांचं वेटोळं आणि त्याबाहेरचा राक्षसींचा मुलूख मी उतरवून घेतला. वही हॉटेलात राहिलेली, म्हणून भाच्याच्या खिशातल्या सुपरमार्केटच्या पावतीच्या मागे. ती पावती माझ्या पर्समध्ये आहे. बहिणीला अजून दाखवलेली नाही.