तीन नंबरचा पिक्चर

चवथीच्या आधी दरवर्षीसारखा माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची, चौकट उतरवायला माळ्यावर चढलो आणि चौकटीच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली माझी जुनी वही सापडली. खालून आईचं 'कितें मेळ्ळें रे?' चालू आणि मी तिथेच कौलांखाली घामाने निथळत वाचत बसलो. गोव्यातल्या आमच्या चोडण बेटावरच्या पावसात कागदाचं काय होतं ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पानं चिकटलेली, कसरीने कडा खाल्लेल्या, निळी शाई फुटून ढग झालेले, पण लिस्ट वाचता येत होत्या. आवडती पुस्तकं दहा, आवडते पिक्चर दहा. एक १९९८ ची, एक २००४ ची, एक २०१५ ची.

९८ च्या लिस्टमध्ये एक नंबरला 'मृत्युंजय' लिहून त्यावर काट मारलीय आणि शेजारी 'कोसला'. ही काट कधी मारली ते मला पक्कं आठवतं. कॉलेजातल्या एका सिनियरने 'अजून कर्णातच अडकलायस काय' असं चारचौघांत विचारलं त्याच रात्री. कोसला तोवर मी अर्धीसुद्धा वाचली नव्हती! नंतर वाचली, आणि मग वर्षभर आम्ही सगळेच वाक्याच्या शेवटी वगैरे वगैरे लावत फिरत होतो, घरचे वैतागले. पण मृत्युंजयवर अन्यायच झाला तो. ते जाडजूड पुस्तक मी दहावीच्या सुट्टीत चार दिवसांत संपवलेलं, जेवताना पण ताटाशेजारी उघडं ठेवून, कुंती बोलते त्या भागात एका पानावर हुमणाचा, माशाच्या आमटीचा, डाग अजून आहे. आज वाचवत नाही, भाषा फार अंगावर येते, दोन पानांत दमायला होतं. तरी काट मी पुसून टाकली असती, पेनाची नसती तर.

कोसला मात्र वही सापडल्यावर मुद्दाम परत काढली. १९६३ ची कादंबरी, आपल्याला तर पाठच आहे असं समजून, जरा हसायला म्हणून. हॉस्टेल, मेस, गॅदरिंगचे घोळ सगळं आठवत होतं. मनी आठवतच नव्हती. नायकाची, पांडुरंगाची धाकटी बहीण, देवीच्या रोगाने मरते ती. विसाव्या वर्षी ती पानं मी भराभर उलटली असणार, कारण वहीत तिच्याबद्दल एक शब्द नाही, 'जाम हसलो' एवढंच लिहिलंय. या वेळी तिथे पुस्तक मिटलं ते चार दिवस उघडलंच नाही. माझी मुलगी आठ वर्षांची आहे.

'रणांगण' पहिल्या लिस्टमध्ये नऊ नंबरला, कंसात 'बरं आहे, छोटं आहे'. काय हे! ते मी तेव्हा पणजीच्या सेंट्रल लायब्ररीतून, आताच्या पाटोवरच्या नाही, जुन्या, आणलं होतं आणि परत द्यायची तारीख उलटायच्या आत कसंबसं संपवलं होतं. २०१५ मध्ये ते एकदम दोन नंबरला आलंय, कारण मध्ये मी ते रायबंदरच्या फेरीबोटीत वाचलं. आमची फेरी म्हणजे पाच-सात मिनिटांचं काम, एका खेपेला जेमतेम तीन-चार पानं होतात, स्कूटर स्टँडवर लावायची आणि उभ्याउभ्याच वाचायचं. पण युरोपातून मुंबईकडे निघालेली ती बोट, तिच्यावरचे जर्मनीतून पळालेले ज्यू, आणि हे पुस्तक छापलंय १९३९ ला म्हणजे महायुद्धाच्या तोंडावर, हे असं थोडं थोडं करून वाचलं की कुठलाही किनारा आला की आपल्यालाच नको वाटतं. दोनदा मागच्या गाड्यांनी हॉर्न मारून मला खाली उतरवलंय.

आता पिक्चर. भाऊ वही बघून म्हणाला, तिन्ही लिस्टमध्ये बनवाबनवी कुठे आहे? नाहीच. वीसेक वेळा बघितला असेन, पण लिस्टमध्ये घालायची कधी हिंमत झाली नाही, लोक काय म्हणतील. लोक म्हणजे कोण, वही तर माळ्यावर!

श्याम बेनेगलांचा 'त्रिकाल' ९८ मध्ये नाही, २००४ मध्ये आठ नंबरला, २०१५ मध्ये तीन नंबरला. लहानपणी टीव्हीवर लागला तेव्हा कंटाळून झोपलो होतो, त्यात दिसतं ते लोटली गावातलं व्यंगचित्रकार मारियो मिरांडांचं घर म्हणजे आम्हा चोडणकरांना परदेशच. मोठेपणी कळलं की १९६१ च्या, गोवा मुक्तीच्या तोंडावरच्या ज्या गोष्टी माझे आजोबा बोलायचे टाळत होते त्याच तिथे चालल्यात, फक्त दुसऱ्या घरात.

आणि २००४. इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हल, पणजीत आला ते वर्ष, डेलिगेट कार्ड गळ्यात घालून आम्ही दोघं मित्र ऑफिसला हाफ डे टाकून जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, आवारात जाऊन बसायचो, दिसेल त्या पिक्चरला घुसायचो. त्या लिस्टमध्ये दोन नंबरला 'श्वास' आहे, तो अजूनही तिथेच ठेवीन. तीन नंबरला नुसतं लिहिलंय, 'तो गाढववाला, इराणी?, शेवट!!' तीन उद्गारचिन्हं होती, एक कसरीने खाल्लं.

नाव नाही. बर्फात एक म्हातारा ओझं लादलेलं गाढव ओढतोय, गाढव बसतं, म्हातारा पण शेजारी बसतो आणि खिशातली भाकरी अर्धी करतो, एवढं डोळ्यांसमोर लख्ख आहे. उद्गारचिन्हं ज्याच्यासाठी तो शेवट मात्र साफ गेला. आठवडाभर रात्री फोनवर शोधलं, इराण झालं, तुर्कस्तान झालं. मग त्या मित्राला फोन केला, तो आता मडगावला असतो. तो म्हणाला, अरे तो ना, मस्त होता, पण गाढव कुठलं, खेचर होतं, आणि म्हातारा नाही, म्हातारी. शेवट विचारला तर म्हणाला, मी त्या आधीच उठलो होतो, माझी शेवटची बस होती.