टिचकी मारून घ्यायची वस्तू

जूनमधल्या दुपारी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात वह्यापुस्तकांची झुंबड असते आणि त्या झुंबडीत हमखास कुणीतरी इंग्रजीची डिक्शनरी घेत असतं. आधी ती हातात तोलली जाते. मग कधी न ऐकलेला एखादा लांबलचक शब्द त्यात शोधला जातो. सापडला की मान डोलते, पैसे दिले जातात. कलिंगडाला निदान टिचकी तरी मारतात.

डिक्शनरी पारखावी ती येणाऱ्या शब्दांवर. न येणाऱ्या शब्दाचा अर्थ नीट दिलाय की नाही, हे आपल्याला कळणार कसं? 'सजेस्ट' काढून बघा. सुचवणे, हे सगळ्यांना ठाऊक. मराठीत 'त्याने मला जायला सुचवलं' म्हणतो, म्हणून आपण 'ही सजेस्टेड मी टू गो' लिहून मोकळे होतो आणि तिथेच चुकतो. बरा कोश इथे हात धरतो: ही रचना चालत नाही, 'दॅट आय गो' लिहा, असं उदाहरणासकट सांगतो. मग 'फर्निचर' काढा. त्याच्याशेजारी 'यू' हे अक्षर हवं, म्हणजे न मोजता येणारं नाम. त्याला 'एस' लागत नाही. 'अ‍ॅडव्हाइस', 'इन्फर्मेशन' त्याच पंगतीतले. शेवटी 'डिस्कस'. त्याच्यामागे नाहक 'अबाउट' लावणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही, तेव्हा त्याबद्दल चार शब्द असले तर उत्तम. तीन शब्दांना पाच मिनिटं लागतात. दुकानदार वैतागला तर वैतागू द्यावा.

बक्षीस समारंभात मिळणारे भारदस्त कोश बहुतेक वेळा ज्यांची मातृभाषाच इंग्रजी त्यांच्यासाठी केलेले असतात. ती परंपरा जुनी. इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या कोशात 'नेटवर्क' म्हणजे जाळी समजावताना 'रेटिक्युलेटेड' आणि 'डेकसेटेड' असे शब्द वापरलेत; ते कळायला पुन्हा कोशच उघडावा लागतो. परक्यांची अडचण वेगळी असते हे ध्यानात घेऊन जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांबरोबर कोश केला. तो 1942 साली टोकियोत निघाला, 1948 मध्ये ऑक्सफर्डने छापला आणि आज 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स' या नावाने दुकानात मिळतो. 1978 च्या लाँगमन कोशाने अर्थ सांगायला जेमतेम 2000 शब्द वापरायचं ठरवलं. 1987 च्या कोबिल्ड कोशाने तर अर्थ सरळ वाक्यात दिले, 'तुम्ही कुणाला पैसे लेंड करता तेव्हा...' अशा घरगुती सुरात. तेव्हा मुखपृष्ठावर 'लर्नर्स' आहे का ते बघावं. नसलं तरी अर्थ किती सोप्या शब्दांत दिलेत ते बघावं.

इंग्रजी-मराठी कोशाला मात्र नाक मुरडू नये. 'सिनॅमन' काढलात तर इंग्रजी कोश कुठल्याशा झाडाच्या सुगंधी सालीबद्दल ओळभर बोलतो. मराठी कोश 'दालचिनी' म्हणतो, विषय संपला. पदार्थ, पक्षी, भाज्या, रोग यांना मराठीच बरं. क्रियापदांना ते पुरत नाही. 'लुक', 'सी', 'वॉच' तिन्हींपुढे 'पाहणे' लिहिलं की पाहणाऱ्याने काय पाहायचं?

देवनागरीतला उच्चारही जपून घ्यावा. पाण्याच्या जगाचा उच्चार कोशात 'जग' असाच छापावा लागतो आणि तो आपण राहतो त्या जगासारखाही वाचता येतो. मराठीत ज दोन, अक्षर एक. शिवाय जोर कुठे द्यायचा ते त्यातून बहुधा कळत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. इंग्रजी कोशात जोराच्या अवयवाआधी वर एक बारीक उभी रेघ असते. फुटपाथवरच्या नकली प्रतीत नेमकी तीच पुसट होते आणि 'थिन', 'देन' यांतल्या 'टीएच'ची दोन चिन्हंही एकमेकांत मिसळतात. स्वस्ताई तिथे महागात पडते. मोबाइलवरच्या कोशाचा हा मोठा फायदा: स्पीकरच्या खुणेवर बोट ठेवलं की शब्द बोलतो, ब्रिटिश वेगळा, अमेरिकन वेगळा. अ‍ॅपमध्ये शेजारचे शब्द जाता जाता डोळ्यांखालून जात नाहीत, एवढाच तोटा. 'लेंड' बघायला गेलेला माणूस कागदावर 'लेमन'ही वाचून येतो.

छापील प्रत घेताना नावाच्या पानामागचं आवृत्तीचं वर्ष बघावं आणि पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवावं. आपोआप मिटलं तर परत द्यावं. एका हातात पोळी धरून कोश बघणारेही असतात.

आणि 'प्रीपोन', म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणे, शोधावा. आपल्याकडच्या साहेबांचा हा लाडका शब्द ऑक्सफर्डने घेतलाय, भारतीय इंग्रजी असा शिक्का मारून. 'उष्टं' मात्र मिळायचं नाही. तेवढ्यासाठी उलट्या बाजूने, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाकडे, मराठीकडून इंग्रजीत जावं लागतं. तिथे अर्थ मिळतो, पण जेवताना नातवाला म्हणता येईल असा सुटसुटीत शब्द मिळत नाही. मग आजी अमेरिकेतही सरळ म्हणते, 'अरे, ते उष्टं आहे, राहू दे.'