पोदुम, पोदुम

सिंगापूरला येऊन पंधरा दिवस झाले आणि मला घरच्या खाण्याची सडकून आठवण आली. पुरणपोळी, पिठलं-भाकरी वगैरे काही नाही. आठवली ती इडली. माझी मलाच लाज वाटली. आमच्या दादरच्या घरात इडली घरची कधी नव्हतीच, ती 'बाहेरची' होती. पगारानंतरच्या रविवारी बाबा आम्हाला कोपऱ्यावरच्या उडप्याकडे न्यायचे. चौघांत दोन मसाला डोसे, एक इडली-वडा आणि फुकटचं सांबार दोनदा. परतताना आई न चुकता म्हणायची, "एवढ्या पैशांत घरी आठवडाभर झालं असतं." केलं मात्र कधीच नाही. आणि आता जवळपास चार हजार किलोमीटर लांब येऊन तेच बाहेरचं मला घरचं म्हणून हवं झालं होतं.

"मग त्यात काय, लिटल इंडियाला जाऊ," नवरा म्हणाला.

मेट्रो स्टेशनच्या पाटीवर इंग्रजी आणि चिनीबरोबर तमिळ अक्षरं. तमिळ ही इथल्या चार राजभाषांपैकी एक. म्हणजे या मुलखात तमिळ माणूस घरचा आणि पाहुणी मी. सेरंगून रोडला लागलं की मोगरा, उदबत्ती आणि तापलेल्या तव्यावरचं तूप यांचा एकत्र वास येतो. आनंद भवन १९२४ पासूनचं, कोमला विलास १९४७ पासूनचं. आपलं माटुंग्याचं रामा नायकांचं बोर्डिंग १९४२चं, म्हणजे वयाने यांच्यातलं मधलं भावंड. आमचं नेहमीचं हॉटेल मात्र आतल्या गल्लीतलं, फारसं कुणाला ठाऊक नसलेलं. टेबलावर स्टीलचे पेले, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, गल्ल्यामागे गणपती आणि मुरुगन शेजारी शेजारी.

पहिल्या दिवशी मी पाटीवर डोसा शोधत राहिले. तो तिथे 'तोसै' होता आणि वडा 'वडै'. आधी हसू आलं. मग लक्षात आलं, बरोबर तेच म्हणतायत. जिभेने धक्का मारून त्याचा 'डोसा' आपणच केलाय. सांबार आलं, तेही ओळखीचं निघेना. वांगं, शेवग्याची शेंग, हिंगाचा सणसणीत वास आणि गोडाचा पत्ता नाही. "हे चुकलंय," मी नवऱ्याच्या कानात म्हटलं. चार-पाच खेपांनंतर उजाडलं की चुकलं कुणाचंच नव्हतं. सांबारात गूळ ही उडपीकडचीच रीत. वर मुंबईच्या उडप्याने आमच्या जिभांचे लाड केले होते. डोशावर चीज, डोशात शेजवान, पुढे पावभाजीसुद्धा. गिऱ्हाईक मागेल ते दिलं बिचाऱ्याने.

इथल्या इडलीचं मात्र मी तोंड फाटेस्तोवर कौतुक करते. पुण्याला माझी मावशी डिसेंबरात इडलीचं पीठ पातेल्यासकट ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवायची आणि सकाळी उठून आधी त्याची नाडी बघायची. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर. बारा महिने तोच उकाडा, तीच दमट हवा. रात्री भिजवलेलं पीठ पहाटेपर्यंत झाकण ढकलून ओट्यावर उतरलेलं असतं. मी घरी एकदाच हा प्रयोग केला. सकाळी ओटा, ड्रॉवर आणि ड्रॉवरमधले चमचे, सगळं आंबून निघालं होतं. तेव्हापासून इडली पुन्हा बाहेरची.

मागच्या डिसेंबरात बाबा आले. गुडघ्यांमुळे आई विमानाचं नाव काढू देत नाही, म्हणून एकटेच. मी त्यांना पहिल्याच रविवारी घेऊन गेले. वाटेत बफेलो रोड लागला आणि त्याच्या शेजारी करबाव रोड. करबाव म्हणजे मलयमध्ये म्हैसच, असं मी सांगितल्यावर बाबा खूश झाले. "म्हणजे दोन-दोन म्हैस गल्ल्या! गोठे असणार इथे." खरंच होते, या भागात एके काळी गुरांचा मोठा धंदा चालायचा. कोमला विलासच्या पाटीवरचं साल वाचून म्हणाले, "माझ्याच वयाचं आहे. आणि अजून चालतंय."

आमच्या हॉटेलात शिरलो. वेटरने बाबांना आपादमस्तक न्याहाळलं आणि अदबीने विचारलं, "सार, चपाती सेट? पूरी? नॉर्थ इंडियन आल्सो गॉट."

"नॉर्थ इंडियन?" बाबा चष्मा सावरत म्हणाले, "वुई आर महाराष्ट्रियन. फ्रॉम बॉम्बे."

गल्ल्यावरचे अंकल इथेच जन्मलेले. हिशेबातून मान वर न करता त्यांनी निकाल दिला, "बॉम्बे इज नॉर्थ, लाह."

बाबांचा चेहरा मी विसरणार नाही. उत्तरेकडून आलेला प्रत्येक जण 'भय्या' आणि दक्षिणेकडून आलेला प्रत्येक जण 'मद्रासी', असा त्यांचा जन्मभराचा सोपा नकाशा. आमचा दादरचा उडपी घरी तुळू बोलायचा, गिऱ्हाइकाशी आमच्यापेक्षा शुद्ध मराठी. त्याचा दक्षिण कानडा जिल्हा १९५६ पर्यंत मद्रास राज्यात होता, एवढाच काय तो त्याचा मद्रासशी संबंध. तरी आमच्या चाळीत तो मद्रासीच. त्या नकाशाची आज कुणीतरी दुसऱ्या टोकाकडून घडी घातली होती.

"मील्स," बाबा ठामपणे म्हणाले. "बनाना लीफ."

पान आलं. बाबांनी सवयीने पाण्याचा शिपका मारून हाताने ते निपटलं, तेव्हा वेटर पहिल्यांदा जरा विचारात पडला. दोन भाज्या, लोणचं, पापड, भाताचा ढीग. आणि भातावर पळीभर पिवळं घट्ट काहीतरी, त्यावर तूप.

"परुप्पु," वेटर म्हणाला.

बाबांनी कालवलं, घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "अगं, हे वरण आहे!"

"हो बाबा."

"वरण-भात-तूप! सांबाराच्या आधी!"

"हो."

"लिंबू माग."

लिंबाची फोड आली. मग सांबार, मग रसम, शेवटी ताक. स्टीलची बादली आणि पळी घेऊन वेटर फेऱ्या मारत होता. आमच्याच टेबलावर समोर एक पंचविशीचा मुलगा बसला होता. रविवारी सुट्टीला अशी हजारो पोरं या भागात उतरतात, बांधकामावरची, गोदीतली. इस्त्रीचा शर्ट, नखांच्या कडांना न निघालेला सिमेंटचा रंग. त्याने फोन पाण्याच्या पेल्याला टेकवून उभा केला होता आणि पलीकडच्या बाईला एकेक वाटी कॅमेऱ्यापुढे धरून दाखवत होता. तमिळ कळायची गरजच नव्हती. "भाजी कसली आहे?" "ताक घेतलंस का?" एवढंच चाललं असणार. तो निमूट प्रत्येक वाटी दाखवत होता.

बाबा त्याच्याकडे बघत बघत जेवत होते. मग एकदम म्हणाले, "आपल्या उडप्याकडची पोरं असलीच होती. याच्याहून लहान. दिवसा टेबलं पुसायची आणि रात्री शाळेत जायची."

मी काही बोलले नाही.

"सदुसष्ट साल असेल. मी वीस वर्षांचा. 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' म्हणत आम्ही गल्लीतनं ओरडत जायचो. त्याच्या दुकानावरूनच." त्यांनी रसमचा भुरका मारला. "आणि रात्री खिशात आठ आणे असले, की त्याच्याचकडे इडली."

"त्याला माहीत होतं? की तुम्ही त्यात होता?"

"माहीत नसायला काय झालं? सगळी गल्ली बघत होती." मग थोडं थांबून, "सांबार मात्र तेवढंच वाढायचा. दोनदा."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. आईला तरी ठाऊक होतं का, कुणास ठाऊक. बाबा पुढे त्या विषयावर बोलले नाहीत आणि मीही उकरलं नाही. वेटर पुन्हा भाताचं भांडं घेऊन आला. "पोदुमा?"

"काय म्हणतो?"

"पुरे का, असं विचारतोय. पुरे असेल तर 'पोदुम' म्हणायचं."

"पोदुम, पोदुम," बाबांनी पानावर आडवा हात धरला. तरीही थोडा भात पडलाच. ही रीतही ओळखीची.

बिल देताना बाबांनी गल्ल्यावरच्या अंकलना गाठलं. त्यांचे आजोबा तंजावरकडचे, हे कानावर पडायचा अवकाश, बाबा सुरू. तंजावरवर भोसल्यांचं राज्य, थेट १८५५ पर्यंत. आणि संभाजीराजे तिथे पाहुणे गेले असता आमसुलं संपली म्हणून आमटीत चिंच पडली, तेच हे सांबार! या कथेला कागदाचा तुकडाही आधार नाही, हे मी बाबांना दहादा सांगितलंय. दहाही वेळा त्यांनी 'असेल' म्हणून ती पुढच्या माणसाला ऐकवली आहे. अंकलनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, सुटे पैसे मोजून बाबांच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "ओके, सार. देन यू नॉट सो नॉर्थ."

एवढ्यावर बाबा महिनाभर तरंगत होते. पुढचे तिन्ही रविवार तिथेच. तिसऱ्या खेपेला तर 'पोदुम' इतक्या झोकात म्हणाले, की नवा वेटर त्यांच्याशी सलग तमिळमध्ये बोलू लागला आणि बाबा मान डोलावत राहिले.

दादरला परतल्यावर आठवड्याने त्यांचा फोन आला. आईला घेऊन कोपऱ्यावर गेले होते. जुना उडपी आता नाही, त्याचा नातू बसतो. वाढायला गोरखपूरचा पोरगा.

"सांबार घेऊन आला. मी आपलं हात आडवा करून म्हटलं, पोदुम, पोदुम."

"मग?"

"'पुदिना? अभी लाया, अंकल,' म्हणाला. वाटीभर हिरवी चटणी आणून ठेवली."

"मग काय केलंत?"

"काय करणार? खाल्ली. बरी होती. जरा गोड."