कानस कुठं थांबवायची

निपाणीकडचे एक तंबाखूचे व्यापारी रिव्हॉल्व्हर घेऊन बेळगावात आमच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानी आले. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ बोअर, सहा काडतुसांचं. "भरायला लई वेळ लागालाय बघा. चेंबरची तोंडं जरा मोठी करून द्या." चेंबर म्हणजे सिलिंडरमधली काडतूस बसायची भोकं.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे हत्यार दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. म्हणून आधी लायसन्सवरचा नंबर हत्याराशी ताडला, रजिस्टरला नोंद केली आणि रिकामं आहे हे दोनदा पाहिलं.

त्यांचं मागणं चुकीचं नव्हतं. हे रिव्हॉल्व्हर जुन्या ब्रिटिश वेब्ली धाटणीचं. नळी खाली झुकवली की मधला इजेक्टर वर उठतो आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. वेळ जातो तो भरण्यात. चेंबरची धार तीक्ष्ण असली की गोळीचं टोक तिच्यावर अडतं. ती धार केसभर मोडून पॉलिश केली की काडतूस सरळ आत घसरतं. पण केसभरच! काडतुसाच्या बुडाची कड चेंबरच्या तोंडावरच टेकते. तिथलं लोखंड जास्त गेलं, तर कडेला आधार उरत नाही, बार फुसका जाऊ शकतो आणि पुंगळी बुडाशी फाटायची भीती असते. इजेक्टरच्या चांदणीला, म्हणजे काडतुसांच्या कडा खालून उचलणाऱ्या त्याच्या चांदणीसारख्या टोकाला, तर कानस लावायचीच नाही, असं माझं ठाम मत आहे.

डमी काडतुसं भरली आणि नळी सावकाश झुकवली. चांदणी वर आली, पण दोन काडतुसं तिच्याखाली सरकून तशीच आत राहिली. रिव्हॉल्व्हर ना पुरतं उघडेना, ना बंद होईना. भिंग लावून पाहिलं तर चांदणीच्या कडा तिरक्या घासलेल्या.

"अण्णा, हे कुणी केलं?"

"गावात लेथवाल्यानं. नाजूक काम करतो म्हणाला."

माझ्या पोटात गोळा आला. रोकड घेऊन रात्री एकटे फिरणारे हे गृहस्थ. पहिल्या सहा गोळ्यांनंतर त्यांच्या हातात नुसता लोखंडाचा तुकडा उरला असता, आणि ते त्याच भरवशावर होते. घासलेलं लोखंड परत चढत नाही, इजेक्टरच बदलावा लागणार, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

मग दुकानातल्या दुसऱ्या रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर भरायची रीत दाखवली. चिमटीत दोन काडतुसं धरायची, शेजारच्या दोन चेंबरमध्ये एकदम सोडायची, सिलिंडर फिरवायचं. तीन फेऱ्यांत सहा. धातूला हात न लावता एवढा वेग मिळतो. ते बराच वेळ डमी घेऊन तेच करत बसले, आणि हात बसला तसा चेहराही सैल झाला.

रिव्हॉल्व्हर ठेवून घेतलं, पावती दिली. उठताना म्हणाले, "मग आजची वसुली राहू दे. उद्या थोरल्याला संगट घेऊन जातो."