चौकट काढली तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. प्रश्न ठरलेला असतो: ‘अरेबियन नाइट्स छानच आहे हो, पण गोष्टीत गोष्ट, तिच्यात आणखी गोष्ट कशाला? शहरजादला बाजूला ठेवून सुट्या गोष्टी वाचल्या तर काय बिघडतं?’ चौकट म्हणजे शहरजादची बाहेरची गोष्ट: रोज नवी बायको करून सकाळी तिला मारणाऱ्या राजाला ती रात्रीमागून रात्र गोष्टी सांगते आणि स्वतःचा जीव वाचवते.

अल्लादीन आणि अलीबाबाच वाचायचे असतील तर काहीही बिघडत नाही. सीरियातल्या हलबच्या (अलेप्पोच्या) हन्ना दियाब नावाच्या माणसानं त्या गोष्टी १७०९ मध्ये पॅरिसला गालाँ या भाषांतरकाराला सांगितल्या आणि गालाँनं त्या आपल्या फ्रेंच भाषांतरात घातल्या. त्याच्याकडच्या जुन्या सीरियन हस्तलिखितात त्या नाहीतच.

पण त्या हस्तलिखितातल्या गोष्टी सुट्या केल्या की त्यांची किंमत पुसली जाते. किंमत हा शब्द मी शब्दशः वापरतेय. व्यापारी खजूर खाऊन बी भिरकावतो, ती जिन्नाच्या मुलाला लागते, मुलगा मरतो. जिन्न जिवाच्या बदल्यात जीव मागतो. तेवढ्यात तीन म्हातारे येतात आणि प्रत्येक जण सौदा करतो: माझी हकिकत नवलाची वाटली तर या रक्तातला तिसरा हिस्सा मला सोड. तीन गोष्टी, तीन हिस्से, खातं बंद.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, हे आपल्या पंचतंत्रातूनच गेलं. पंचतंत्र पहलवीमार्गे, म्हणजे जुन्या फारसीमार्गे गेलं, आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फानं त्याचं अरबीत ‘कलीला व दिम्ना’ केलं, हे खरंच आहे. पण तिथली गोष्ट दृष्टान्त म्हणून येते, समोरच्याला पटवायला. इथे दृष्टान्त पहिल्याच पानांत आपटतो. राजाशी लग्न करू नकोस म्हणून वजीर, म्हणजे तिचा बापच, शहरजादला बैल आणि गाढवाची गोष्ट सांगतो. ती ऐकून घेते आणि म्हणते, मी जाणारच.

आता कुबड्याची गोष्ट. वाचक वैतागून पुस्तक मिटतात ते इथेच, म्हणून जरा थांबते. शिंप्याची बायको कुबड्याच्या तोंडात माशाचा मोठा तुकडा कोंबते, काटा घशात अडकतो, तो गार. शिंपी त्याला ज्यू वैद्याच्या जिन्यावर सोडून पळतो. वैद्य अंधारात त्याला अडखळतो, वाटतं आपणच मारलं. मग प्रेत शेजारच्या मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याकडे, तिथून बाजारात, तिथे एक दारू प्यालेला ख्रिस्ती दलाल त्याला पागोटेचोर समजून बडवतो. दलालाला फाशी द्यायला नेतात तर कारभारी म्हणतो मी मारलं, मग वैद्य, मग शिंपी. राजा म्हणतो, याहून नवलाची गोष्ट सांगा, नाहीतर चौघेही लटकाल.

चौघांच्या गोष्टींत एकेक अधू माणूस आहे. दोघांचा उजवा हात तुटलेला, तिसऱ्याचे अंगठे गेलेले, चौथा लंगडा. अंगावरची खूण दिसते, कुणी विचारतं, मग गोष्ट उघडते. अंगठे गेलेला माणूस जिरबाज नावाचं कालवण हात एकशे वीस वेळा धुतल्याशिवाय खात नाही: चाळीस वेळा खारानं, चाळीस वेळा नागरमोथ्यानं, चाळीस वेळा साबणानं. असा आकडा पुढ्यात ठेवल्यावर कारण न विचारता कोण उठेल?

शिंप्याच्या गोष्टीत न्हावी येतो. आपण मितभाषी आहोत हे सिद्ध करायला तो सहा भावांच्या हकिकती सांगतो, आणि त्याही कशा? ‘खलिफाला मी असं सांगितलं’ म्हणून. म्हणजे शहरजाद बोलतेय, तिच्यात शिंपी, शिंप्यात न्हावी, आणि त्याच्यात खलिफापुढे उभा असलेला जुना न्हावी. अरबी हस्तलिखितात अवतरणचिन्हं नसतात; नुसतं ‘म्हणाला’ येतं. कोण म्हणाला हे चुकलं की पुढची वीस पानं चुकतात. उपाय साधा आहे. समासात पेन्सिलीनं बोलणाऱ्याचं नाव लिहा, नवा माणूस बोलू लागला की बोटभर आत सरका, त्याची गोष्ट संपली की परत बाहेर या. पायऱ्या चार असतील तर उतरतानाही चारच. या चौथ्या पायरीवर सहाव्या भावापुढे रिकामी ताटं मांडून ‘घ्या, जेवा’ म्हणणारा यजमान बसलाय. सुट्या आवृत्तीत तो नुसता विनोद उरतो. इथे वर चार माणसं फासाखाली ताटकळत उभी आहेत.

शेवटी राजा न्हाव्याला बोलावतो. तो कुबड्याच्या घशातला काटा ओढून काढतो आणि कुबडा शिंकतो. एवढी गोष्टींची चळत, आणि मुळात कुणी मेलंच नव्हतं.

पूर्वी मीही ठासून सांगायचे की प्रत्येक रात्र ऐन रंगात तुटते, चौकटीची खुबी तीच. ते अर्धंच बरोबर होतं. सीरियन हस्तलिखितात जेमतेम २८२ रात्री आहेत, त्यातल्या कित्येक पान-दोन पानांच्या, आणि काही अगदी निरस वाक्यावर तुटतात. १००१ चा आकडा भरला तो कैरोच्या बूलाक छापखान्यातल्या १८३५ च्या छापील आवृत्तीसारख्या पुढच्या प्रतींत. लेखनिकानं रात्री मोजून भरल्या असतील तर रंगाचं श्रेय शहरजादला द्यायचं की त्याला, यावर माझं अजून एकमत नाही, माझ्याशीच.

आणि किंमतीचं म्हणाल, तर तो तिसरा म्हातारा. त्या हस्तलिखितात त्याची गोष्ट लिहिलेलीच नाही. त्यानं पहिल्या दोघांपेक्षाही अजब गोष्ट सांगितली, एवढंच वाक्य आहे. जिन्न खूश होऊन डुलतो आणि उरलेला तिसरा हिस्सा सोडून देतो.